उलाळ गाडी आणि परिबलातलं अंतर

उसाचा हंगाम सुरू झाला की सांगली-साताऱ्याकडे गाडी भरताना एक शब्द हमखास कानावर पडतो: उलाळ. मोळ्या मागच्या बाजूला जास्त पडल्या की गाडी उलाळते. मागं झुकते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याखालची सापती आवळते. मोळ्या पुढं जास्त झाल्या तर सगळा दाब मानेवर येतो. गाडीवान दोर बांधण्याआधी जू हातानं उचलून बघतो, चार-सहा मोळ्या मागं-पुढं करतो, पुन्हा बघतो.

त्याचं हे जू उचलून बघणं म्हणजे परिबलाचं, बलाच्या फिरवण्याच्या परिणामाचं, मोजमाप आहे. शाळेत याला मोमेंट म्हणतात, गॅरेजमध्ये टॉर्क म्हणतात. व्याख्या एका ओळीची आहे: बल गुणिले टेकूपासून बलरेषेपर्यंतचं लंब अंतर. टेकू म्हणजे वस्तू ज्याभोवती फिरते तो बिंदू. एकक न्यूटन-मीटर. मुलं ही ओळ पाठ करतात, गुणाकारही बरोबर करतात, तरी उत्तर चुकतं. माझ्या मते त्याचं कारण एकच आहे. परिबलाच्या गणितात चुका बलात फारशा होत नाहीत, त्या अंतरात होतात. अंतर कुठून मोजायचं आणि कुठपर्यंत मोजायचं, हे दोन प्रश्न आधी सोडवले नाहीत तर पुढचा गुणाकार वाया जातो.

गाडीवरच हे करून पाहू. आकडे सोपे राहावेत म्हणून एक किलोचं वजन १० न्यूटन धरू. गाडी आणि ऊस मिळून २००० किलो, म्हणजे २०,००० न्यूटन. आखापासून, म्हणजे चाकं ज्या दांड्यावर बसतात तिथून, जुवापर्यंत ३ मीटर. गाडी फिरणार ती आखाभोवती, म्हणून अंतरं आखापासून मोजायची. साट्याच्या (माल भरतात त्या चौकटीच्या) टोकापासून किंवा जमिनीवरच्या एखाद्या खुणेपासून नाही. सगळ्या मालाचा मिळून गुरुत्वमध्य आखाच्या १० सेंटीमीटर पुढं असेल, तर पुढं झुकवणारं परिबल २०,००० × ०.१ = २००० न्यूटन-मीटर. ते तोलायला जुवाशी २००० ÷ ३ = ६६७ न्यूटन लागतात. दोन बैलांच्या मानेवर मिळून सुमारे ६७ किलो. दोन टनांच्या गाडीतलं एवढंच वजन मानेवर येतं, बाकी सगळं आख आणि चाकं पेलतात.

आता २० किलोच्या १० मोळ्या अर्धा मीटर मागं सरकवा. गुरुत्वमध्य २०० × ०.५ ÷ २००० = ०.०५ मीटर, म्हणजे ५ सेंटीमीटर मागं जातो आणि मानेवरचा भार निम्मा होतो. अजून १० मोळ्या तेवढ्याच मागं नेल्या की भार शून्य. त्यापुढची प्रत्येक मोळी गाडी उलाळते. दोन टनांत ४०० किलो इकडचे तिकडं झाले तर बैलांचा त्रास संपतो, आणि थोडं पुढं गेलं की दुसरा त्रास सुरू होतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, जू उचलल्यावर हाताला कळतो.

मग गाडीवान भार शून्यावर का आणत नाही? मुद्दाम थोडा दाब पुढं का ठेवतो? कारण रस्ता सपाट नसतो. उसाचा गुरुत्वमध्य आखाच्या पुढं असतो तसाच तो आखाच्या वरही असतो. समजा १ मीटर वर आहे. ओढ्यातून वर येताना दहाला एक असा चढ लागला की तो वरचा १ मीटर १० सेंटीमीटर मागं कलतो. सपाटीवर १० सेंटीमीटर पुढं असलेली वजनाची रेषा आता बरोबर आखातून जाते. चाकामागं दगड लावून गाडी त्या चढावर उभी केली तर मानेवरचा भार जवळजवळ शून्य होतो. तीच गाडी तशाच उतारावर, चाकापुढं दगड लावून उभी केली तर गुरुत्वमध्य २० सेंटीमीटर पुढं जातो आणि भार दुप्पट, १३३३ न्यूटनच्या घरात. मोळी एकही हललेली नाही. वजन तेच, बदललं ते आखापासून वजनाच्या रेषेपर्यंतचं आडवं अंतर.

इथं एक बारकावा आहे, तो सोडला तर हिशेब खोटा ठरेल. बैल चढावर ओढत असतात तेव्हा ओढीचंही परिबल असतं. चढावर धरून ठेवायलाच २००० न्यूटन ओढ लागते, आणि जू आखापेक्षा अर्धा मीटर उंच असेल तर २००० × ०.५ = १००० न्यूटन-मीटर परिबल गाडीला पुढं झुकवतं. म्हणजे मानेवर ३३३ न्यूटन परत येतात. बैल थांबले, चाकाला दगड लागला, की हे परिबल नाहीसं होतं. सपाटीवर अगदी शून्य दाबानं भरलेली गाडी चढावर ओढतानाही उलाळ राहते, आणि थांबली की आणखी उलाळते. पुढं ठेवलेला तो ६०-७० किलोंचा दाब या चढासाठी असतो.

ट्रॉलीच्या बाबतीत हाच हिशेब आडवा करायचा. ती कलंडते तेव्हा बाहेरच्या चाकाभोवती फिरते, म्हणून टेकू तिथं. दोन चाकांतलं अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून १.८ मीटर असेल तर साधारण २२ अंश कलल्यावर वजनाची रेषा चाकाच्या बाहेर पडते. ऊस उंच रचून गुरुत्वमध्य २.४ मीटरवर नेला की हाच कोन १७ अंशांवर येतो. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर पहिली ट्रॉली ताशी ३३ किलोमीटरच्या आसपास कलंडेल, दुसरी २८ च्या आसपास. हे सपाट रस्त्याचे आणि घट्ट बांधलेल्या मालाचे आकडे आहेत. एक चाक खड्ड्यात गेलं किंवा माल सरकला की कलंडायला याहून बराच कमी वेग पुरतो.

आता दुसरा प्रश्न, अंतर कुठपर्यंत मोजायचं. व्याख्येत ‘लंब’ हा शब्द आहे तो यासाठीच. अंतर बल लावलेल्या जागेपर्यंत मोजायचं नसतं. बल ज्या रेषेत काम करतं ती रेषा दोन्ही बाजूंना वाढवायची आणि टेकूपासून त्या रेषेवर लंब टाकायचा. त्या लंबाची लांबी म्हणजे बलभुजा.

चाकाचा नट सोडवताना हे लगेच कळतं. पाना ४० सेंटीमीटरचा, माणूस ६० किलोचा, आणि तो पान्याच्या टोकावर पाय देऊन उभा राहतो. पाना आडवा असेल तर ६०० × ०.४ = २४० न्यूटन-मीटर. पाना आडव्यापासून ६० अंश वर उभा असेल तर वजनाची उभी रेषा नटापासून फक्त २० सेंटीमीटरवरून जाते आणि परिबल उरतं १२० न्यूटन-मीटर. पाना सरळ वर उभा केला तर शून्य. कितीही वजन टाका, नट फिरणार नाही, पाना निसटेल. म्हणून पाना नटावर असा बसवायचा की तो आडवा राहील, आणि नेहमीचा उजव्या आट्याचा नट असेल तर दांडा डाव्या हाताला येईल. मग पायाचं वजन खाली पडताना नट सैल होण्याच्याच दिशेनं फिरतो. नटावर पाना बसवायच्या सहा जागा असतात, त्यातली आडव्याच्या सगळ्यांत जवळची निवडायची. उड्या मारायच्या नाहीत. त्यानं नटाचे कोपरे गोल होतात आणि मग कोणताच पाना धरत नाही.

पान्याला पाईप घालून लांबी वाढवण्याची सवय आपल्याकडे सगळीकडे आहे. सोडवताना ठीक, आवळताना मात्र घातक. मोटारसायकलच्या इंजिनाखालचा ऑईलचा बोल्ट साधारण २० ते ३० न्यूटन-मीटरवर आवळायचा असतो. १५ सेंटीमीटरच्या पान्याला १५० न्यूटन जोर दिला की २२ न्यूटन-मीटर होतात, म्हणजे काम झालं. त्याच पान्याला पाईप घालून बलभुजा ६० सेंटीमीटर केली आणि हाताला तेवढाच जोर लावायची सवय असेल तर ९० न्यूटन-मीटर जातात, आणि अॅल्युमिनियमच्या खोक्यातले आटे निघून येतात. हाताला जोर कळतो, परिबल कळत नाही. पान्याची लांबी ठरलेली असते ती उगाच नाही: लहान नटाला लहान पाना दिला की सवयीच्या जोरानं जास्त आवळलं जात नाही.

पहारीचा हिशेब सगळ्यांना येतो, पण त्यातली एक गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. दीड मीटरची पहार, टोकापासून १० सेंटीमीटरवर दगडाचा टेकू. हाताकडची भुजा १४० सेंटीमीटर, दगडाकडची १०. म्हणजे १४ पट. ४०० न्यूटन जोरात ५६०० न्यूटनचा, साडेपाचशे किलोंचा दगड हलायला हवा. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत, त्यातही ती ओली असेल तर, तो हलत नाही. कारण टेकूवर दोन्ही बलांची बेरीज पडते, ४०० अधिक ५६००, म्हणजे ६००० न्यूटन. टेकूचा दगड तळव्याएवढा, १० बाय १० सेंटीमीटरचा असेल तर तो सरळ रुततो. आणि तो ५ सेंटीमीटर रुतला, की हाताची १५ पट, म्हणजे ७५ सेंटीमीटर हालचाल नुसती त्यातच खर्च होते. टेकूखाली ३० बाय ३० ची फरशी टाकली की तोच भार नऊपट जागेवर पसरतो. परिबलांचा समतोल लिहिताना टेकूवरचं बल समीकरणात येत नाही, कारण त्याचं टेकूपासूनचं अंतर शून्य असतं. येत नाही म्हणजे नसतं असं नाही. ते शोधायला बलांची बेरीज वेगळी करावी लागते.

टेकूचा हा गुण उलट वापरता येतो, आणि शाळेच्या प्रयोगात तो फार उपयोगी पडतो. जे बल माहीत नाही आणि नकोही आहे, त्याच्या जागी टेकू धरायचा, म्हणजे ते समीकरणातून गळून पडतं. मीटरपट्टीचं स्वतःचं वस्तुमान काढायचा प्रयोग असाच आहे. पट्टी ५० च्या खुणेऐवजी ४० च्या खुणेवर दोऱ्यानं टांगा. लांब बाजू खाली जाईल. आखूड बाजूला ५० ग्रॅमचं वजन सरकवत न्या आणि पट्टी आडवी होते ती खूण वाचा. ती १६ आली तर टेकूपासून अंतर २४ सेंटीमीटर, आणि ५० × २४ = १२००. पट्टीचं वजन तिच्या मध्यावर, टेकूपासून १० सेंटीमीटरवर, म्हणून वस्तुमान १२० ग्रॅम. दोऱ्यातला ताण किती, हे विचारायची गरजच पडली नाही.

या प्रयोगात चुकतं कुठं तेही लिहितो, कारण वहीत ‘प्रायोगिक त्रुटी’ एवढंच लिहून मुलं मोकळी होतात. पहिली चूक म्हणजे १६ हीच संख्या अंतर म्हणून वापरणं. ती पट्टीच्या टोकापासूनची खूण आहे, टेकूपासूनचं अंतर नाही. दुसरी, पारड्याचं किंवा हुकाचं वजन न धरणं. ५० ग्रॅमच्या वजनाला १० ग्रॅमचा हुक असेल तर उत्तर १४४ ऐवजी १२० येतं, म्हणजे चूक थेट १७ टक्क्यांच्या घरात. तिसरी जास्त लपलेली आहे: जुन्या लाकडी पट्टीचं टोक झिजलेलं असतं, कुठं पितळी पत्रा निघालेला असतो, त्यामुळं तिचा गुरुत्वमध्य ५० वर नसतोच. म्हणून आधी नुसती पट्टी टांगून ती कुठं तोलते ते पाहायचं. ४९.६ वर तोलली तर मध्य ४९.६. टेकूपासून मध्याचं अंतर १० ऐवजी ९.६ झालं, म्हणजे उत्तरात ४ टक्के फरक पडला. टेकू मध्याच्या जेवढा जवळ, तेवढी ही चूक मोठी दिसते.

फिरवायला नेहमी एकच बल आणि एक टेकू असतो असं नाही. सतारीची खुंटी बघा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या सतारीची खुंटी आपण अंगठा आणि बोट यांच्यात धरून पिळतो. दोन्हीकडून सारखंच बल, दिशा विरुद्ध. याला बलयुग्म म्हणतात. त्याचं परिबल एक बल गुणिले दोन बलरेषांतलं अंतर, आणि ते कोणत्याही बिंदूभोवती काढलं तरी तेवढंच येतं. इथं टेकू निवडायचा प्रश्नच मिटतो. मुख्य तारेचा ताण ५० न्यूटनच्या आसपास धरू, तार गुंडाळते तिथं खुंटीची त्रिज्या ५ मिलिमीटर. तार खुंटीला ५० × ०.००५ = ०.२५ न्यूटन-मीटर परिबलानं उलगडू पाहते. बोटांमधलं अंतर ४ सेंटीमीटर असेल तर ते तोलायला प्रत्येक बोटाला सव्वासहा न्यूटन पुरतात. बोटं काढल्यावर मात्र हे ०.२५ न्यूटन-मीटर फक्त भोकातल्या घर्षणानं पेलायचं असतं. खुंटी निमुळती असते ती त्यासाठी. पिळताना आत दाबली की ती पाचरीसारखी घट्ट बसते आणि घर्षण वाढतं. खुंटी सरकत असेल तर खडू लावतात. पण खडूआधी तार कशी गुंडाळली आहे ते बघावं. वेढे एकावर एक चढून त्रिज्या ५ ची ६ मिलिमीटर झाली तर त्याच ताणाचं परिबल २० टक्क्यांनी वाढतं, आणि कालपर्यंत धरणारी खुंटी आज उतरते. वेढे शेजारी-शेजारी बसवले तर बरेचदा खडू लागतच नाही.

एवढ्याशा खुंटीवरून थेट धरणाकडे जातो, कारण तिथं अंतराचं महत्त्व सगळ्यांत मोठ्या प्रमाणात दिसतं. धरणाच्या भिंतीवर पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो, त्यामुळं एकूण रेटा खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. तो रेटा तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागतो असं धरता येतं. म्हणजे बलभुजाही खोलीबरोबर वाढते. बल वर्गानं आणि भुजा पटीनं, म्हणून उलथवणारं परिबल खोलीच्या घनाप्रमाणे वाढतं. पाणी दुप्पट खोल झालं की परिबल आठपट.

कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे. हिशेबासाठी त्याच उंचीच्या आसपासचा एक साधा काटकोनी त्रिकोण घेऊ: उंची १०० मीटर, पाया ७० मीटर, पाण्याकडची बाजू उभी, पाणी काठोकाठ, काँक्रीट घनमीटरला २४०० किलो. भिंतीच्या लांबीच्या प्रत्येक मीटरला पाण्याचा रेटा ५ कोटी न्यूटन. टेकू कुठं धरायचा? भिंत उलथेल ती पाण्याच्या विरुद्ध बाजूच्या पायाच्या कडेवर, म्हणून टेकू तिथं. उलथवणारं परिबल ५ × ३३.३ = १६७ कोटी न्यूटन-मीटर. भिंतीचं वजन ८.४ कोटी न्यूटन, त्या कडेपासून अंतर ४६.७ मीटर, धरून ठेवणारं परिबल ३९२ कोटी. दोनपटीहून जास्त. वाटतं, निश्चिंत.

पण पाणी पायाखालीही झिरपतं आणि भिंतीला वर उचलतं. काहीच बंदोबस्त केला नाही आणि हा दाब पाण्याच्या बाजूला पूर्ण व दुसऱ्या कडेला शून्य असा उतरत गेला, तर वर उचलणारं बल साडेतीन कोटी न्यूटन होतं, तेही त्याच ४६.७ मीटर अंतरावर. आणखी १६३ कोटी उलथवणाऱ्या बाजूला गेले. आता ३९२ विरुद्ध ३३०. एवढंच अंतर उरलं. शिवाय या अवस्थेत पाण्याकडच्या पायाला ताण पडायला लागतो, आणि काँक्रीट ताणाला कच्चं असतं. तिथं फट पडली की आत आणखी पाणी, आणखी उचल. म्हणून मोठ्या दगडी-काँक्रीट धरणांच्या पायात सिमेंटचा रस दाबून भेगा बुजवतात आणि निचऱ्याची भोकं व बोगदे ठेवतात. धरणाच्या आतल्या बोगद्यात पाणी ठिबकताना पाहून लोक घाबरतात. ते पाणी गोळा होऊन मोजून बाहेर जातंय, म्हणजेच पायाखालचं परिबल कमी होतंय. गळतीत अचानक बदल झाला, ती वाढली किंवा गढूळ यायला लागली, तर ते चिंतेचं.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या उंच, पाणी न सांडणाऱ्या खंडांना आडवे तडे गेले. ते पायथ्याशी नव्हते. भिंतीचा खालच्या बाजूचा उतार जिथं एकदम बदलतो, माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, त्या पातळीच्या आसपास होते. टेकू फक्त पायथ्याला धरून हिशेब केला तर हे कळणार नाही. भिंत हलते तेव्हा माथा सगळ्यांत जास्त झोके खातो, त्यामुळं वरच्या भागातल्या वस्तुमानाची बलं मोठी होतात आणि त्यांचं परिबल उतार बदलतो त्या जागेशी, भिंतीच्या मानेशी, येऊन पडतं. मानेशी भिंत पायथ्यापेक्षा खूपच कमी जाड आहे, आणि वाकवणाऱ्या परिबलाला तोंड देण्याची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते: जाडी निम्मी, ताकद पाव. त्यात उतार बदलतो त्या कोपऱ्यात ताण एकवटतो. भूकंपानंतर उंच खंडांना खालच्या बाजूनं काँक्रीटच्या टेकण-भिंती जोडल्या गेल्या. आज कोयनानगरच्या बाजूनं पाहिलं तर त्या भिंतीला उभ्या लावलेल्या दिसतात. त्यांनी मानेशी जाडी वाढवली.